बाई अजून घरीच आहे

आमच्या वर्गाला तालुक्यात ‘मॅडमची भिशी’ म्हणतात. मॅडम म्हणजे मी. आधी नर्स होते, मग नर्सना शिकवायला लागले, आणि आता खालापूरच्या एका सरकारी इमारतीतल्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा खुर्च्या गोल मांडून बसते. सिस्टर, आशाताई, उपकेंद्रांवरचे तरुण आरोग्य अधिकारी, एखाद-दुसरा डॉक्टर असे सगळे येतात. हातात चहाचे कप घेऊन जो तो बोलत असतो. लांबून बघणाऱ्याला भिशीच वाटणार. शेजारच्या ऑफिसातल्या एका क्लार्कने एकदा दारातून डोकावून विचारलं, “मॅडम, या महिन्यात नंबर कुणाचा लागला?” मी म्हटलं, “तुमचाच लागलाय, या, बसा.” तो पुन्हा त्या बाजूला फिरकला नाही.

पूर्वी मीही पडद्यावर चित्रं दाखवून शिकवायचे. पंख्याखाली निम्मा वर्ग पेंगायचा आणि उरलेला निम्मा घड्याळाकडे बघायचा. मग मी पडदा गुंडाळून ठेवला आणि ही गोल खुर्च्यांची पद्धत सुरू केली. तिचे नियम सोपे आहेत. एकाने आपल्याकडचा पेशंट मांडायचा. नाव नाही, गाव नाही, नुसती ‘एक बाई’ किंवा ‘एक म्हातारा’. सगळं एका दमात सांगायचं नाही, तुकड्यातुकड्यानं सांगायचं आणि थांबायचं. मग मी विचारते, “आता तुम्ही काय कराल?” एका वेळी एकानंच बोलायचं. कुणी कुणाला चूक म्हणायचं नाही. सगळ्यांचं बोलून झालं की पुढचा तुकडा. आणि उत्तर मी द्यायचं नाही. हा शेवटचा नियम मला सगळ्यात जड जातो, कारण माझी जीभ जन्मापासून लांब आहे. घरचे तर म्हणतात, तू गप्प बसतेस हे आम्हाला तिकीट काढून बघायला आवडेल.

त्या दिवशी माझं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, सगळीकडे भाताची झोडणी चालू. आलेल्या बायकांपैकी निम्म्यांच्या स्वतःच्या घरी खळ्यावर भारे पडलेले, त्यामुळे एकीचंही लक्ष ठिकाणावर नव्हतं. त्यात वरून आदेश असा की हजेरी सक्तीची, एकही माणूस गैरहजर नको. म्हणजे गावातली उपकेंद्रं कुलूप लावून सगळ्यांनी माझ्यापुढं येऊन बसायचं. मी वर कळवलं होतं, अर्ध्यांना आज पाठवा, अर्ध्यांना पुढच्या आठवड्यात. पण माझं ऐकतंय कोण! एका उपकेंद्राची सिस्टर, तिथली सीएचओ आणि तिथलीच आशाताई, तिघी शेजारीशेजारी बसलेल्या मला दिसत होत्या. मी मनात म्हटलं, त्या गावात आज कुणाला काही होऊ नये म्हणजे झालं.

त्यातली सीएचओ, म्हणजे तिथली समुदाय आरोग्य अधिकारी, अगदी नवी होती. नोकरीला वर्षही झालं नव्हतं. नेरळला मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची आणि स्कुटीवरून ये-जा करायची. माझ्या वर्गात आली की तोंडात मिठाची गुळणी धरून बसायची. मी कितीदा टोकलं, “अगं, इथं बोलायचे पैसे पडत नाहीत.” नुसती हसायची. त्या दिवशी मात्र मी “पेशंट कोण मांडणार?” असं विचारायच्या आत तिनं हात वर केला. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, उघडलं एकदाचं तोंड.

“एक बाई,” ती म्हणाली. “वय तिशीच्या आत. दोन मुलं आहेत. पहाटेपासून पोटात दुखतंय. एकदा उलटी झाली. ताप नाही. पोट दाबून बघितलं तर मऊ आहे.”

मी विचारलं, “आता काय कराल?”

कुणी पाळीची तारीख विचारायला सांगितली. कुणी जंताचं औषध काढलं. तिच्याच उपकेंद्राची सिस्टर, आमच्यातली सगळ्यात अनुभवी, म्हणाली की दिवस गेलेत का ते आधी बघायचं. ते बरोबरच होतं. वर्गात एक डॉक्टर होते, याच मुलीचे साहेब, प्राथमिक आरोग्य केंद्रातले. वयानं तरुण, हुशार, आणि आपण हुशार आहोत हे समोरच्याला विसरू न देणारे. ते मागे रेलून म्हणाले, “झोडणीचे दिवस आहेत. उपाशी पोटी काळा चहा, वर तिखट कालवण. पित्त. ॲसिडिटीची गोळी द्यायची आणि घरी पाठवायचं. यात चर्चा कसली करायची?”

“तेच केलं,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक की मला पुढं वाकावं लागलं.

“पुढचं सांग.”

“घसा दुखतोय म्हणते. डोळे जड झालेत म्हणते. झोप येतेय, झोप येतेय, असं सारखं म्हणते.”

सगळा वर्ग हसला. “आमाला काय झोप येत नाय काय गं?” एक आशाताई म्हणाली. “रात्रभर खळ्यावर राखण करा, मंग कळंल.” दुसरीनं विचारलं, “ती होती का राखणीला?” मुलगी म्हणाली, “होती. डुकरं येतात म्हणून खळ्यावरच झोपली होती, पेंढ्यावर.” झालं, मग तर सगळ्यांचं एकमत झालं. आमच्याकडं झोडणीच्या दिवसांत ज्याच्या त्याच्या डोळ्यांवर झोप असते. कंडक्टर पेंगतो, मास्तर पेंगतात, दुकानदार मापात धान्य घालता घालता पेंगतो. त्या दिवसांत एखाद्या बाईचे डोळे मिटत असतील तर कुणी वळूनसुद्धा बघणार नाही.

मला मात्र त्या मुलीचं काहीतरी बिनसलेलं दिसत होतं. हातातल्या कागदी कपाची कड ती नखानं फाडत होती. चहा प्यालेली नव्हती. आणि राहून राहून कोपऱ्यातल्या पिशव्यांकडं बघत होती. वर्ग चालू असताना फोन पिशव्यांत ठेवायचे हाही माझाच नियम. मला वाटलं, एवढ्या लोकांसमोर पहिल्यांदा बोलतेय, घाबरली असेल.

“झोप येते म्हणजे नेमकं काय होतं?” अनुभवी सिस्टरनं विचारलं. “जांभया देते की पापण्या पडतात?”

“पापण्या पडतात,” मुलगी म्हणाली. “डोळे उघड म्हटलं की कपाळाला आठ्या घालून वर ओढते, पण अर्धेच उघडतात.”

हसणं थांबलं. आशाताईनं विचारलं, “आनि पानी पिते?”

“गोळी घेताना पाणी ओठांच्या कडेनं बाहेर आलं. मला वाटलं, घाईत प्याली असेल.”

डॉक्टर सरळ बसले. “चावल्याची खूण?”

“नाही सर. हात बघितले, पाय बघितले. काही चावलं नाही म्हणते.”

“मण्यारीची खूण बहुतेकदा दिसतच नाही,” डॉक्टर म्हणाले. त्यांचा नेहमीचा तोरा आवाजात नव्हता. “दुखतही नाही. झोपेत चावली तर माणसाला कळत नाही. आधी पोट दुखतं, मग पापण्या, मग गिळणं, मग श्वास.”

मला समाधान वाटायला हवं होतं. मी एक शब्द न सांगता सगळ्यांनी मिळून तुकडे जुळवले होते. पण त्या मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी घाईनं विचारलं, “मग पुढे काय झालं?”

“पुढचं अजून झालं नाही, मॅडम,” ती म्हणाली. “बाई अजून घरीच आहे. सकाळी मी इकडं यायला निघाले तेव्हा उपकेंद्राच्या दाराशी आली होती.”

मला असा राग आला की त्या पोरीला खुर्चीसकट गदागदा हलवावं. पण रागवायला वेळ कुठं होता? “फोन काढ,” मी ओरडले. “सगळ्यांनी फोन काढा!”

घरातला एकच नंबर तिच्याकडं होता, त्या बाईच्या जावेचा. बाईचा नवरा भात घेऊन गिरणीवर गेलेला. मधल्या स्टुलावरचे कप मी हातानंच बाजूला लोटले, स्पीकर चालू करून फोन तिथं ठेवला आणि सगळे त्याच्याभोवती वाकले. घंटी वाजत राहिली. बंद झाली. पुन्हा लावला. डॉक्टर एका बाजूला ॲम्ब्युलन्सला फोन लावत होते. एक्स्प्रेस वेवर अपघात झाला होता, जवळची गाडी तिकडं गेली होती, दुसरी यायला वेळ लागेल असं उत्तर आलं. डॉक्टरांनी शिवी हासडली. आजवर त्यांच्या तोंडून मी शिवी ऐकली नव्हती.

तिसऱ्यांदा जावेनं उचलला. “हां ताई, बोल.”

“जाऊ कुठंय तुझी?”

“ती झोपलेय गं. गोळी दिलीस ना, गुन आला बग. चांगली घोरतेय.”

डॉक्टरांनी डोळे मिटले. ते घोरणं नव्हतं. लाळ गिळता येत नाही, ती घशात साठते आणि तिचा आवाज येतो. एकदम पाचसहा जणी बोलायला लागल्या, तिला उठव, तिला बसव, तोंडात बघ, आणि पलीकडं जाऊ गांगरून “काय? काय?” करायला लागली. मी स्टुलावर हात आपटला. “एकच जण बोलणार!” अनुभवी सिस्टरच्या पुढ्यात मी फोन सरकवला. तिचा आवाज कधी चढत नाही. तिनं विचारलं, “बाय, तू आत्ता काय करत होतीस?”

“लिंबूपानी केलंय. चमच्यानं पाजत होते.”

“ते खाली ठेव. तिच्या तोंडात काही घालू नको. पानीपन नाय. आता तिला डाव्या कुशीवर वळव. वळवलीस? तोंड खाली कर, लाळ बाहेर पडू दे. आली का?”

“लय आली गं. सिस्टर, ही उठत का नाय? चिमटा काढला तरी उठत नाय!”

जावेच्या आवाजात पहिल्यांदा भीती आली. सिस्टर तशीच बोलत राहिली. छाती वर-खाली होते का? होते, पण थोडीच. वाडीत गाडी कुणाकडं आहे? कुणाकडंच नाय, पोरं मोटारसायकली घेऊन कंपनीत गेलीत. मग जाऊच म्हणाली, पेंढा भरायला टेंपो आलाय, तबेलेवाल्याचा. “थांबव त्याला,” सिस्टर म्हणाली.

पुढचं सगळं आम्ही नुसतं ऐकलं. जावेच्या पळायचा आवाज, तिची धाप, कुत्र्यांचं भुंकणं. मग टेंपोवाल्याचा आवाज, “माल अर्धा भरलाय, मालकाला विचारावं लागंल.” आणि मग जाऊ अशी काही कडाडली की त्या स्टुलाभोवती वाकलेल्या आम्ही सगळ्या दचकलो. “अरं मेल्या, मानूस मरतंय आनि तुला पेंढ्याची पडलेय? तुज्या मालकाला सांग, पेंढा त्याच्या म्हशीनं नाय खाल्ला एक दिवस तर ती मरत नाय! चल, धर तिला!” टेंपोवाला हलला. आमच्यातल्या कुणीतरी हुंदका दिला. मी वळून बघितलंसुद्धा नाही.

हॉलच्या कपाटात श्वास द्यायच्या सरावाची रबरी बाहुली होती, आणि तिच्यासोबतची ॲम्बू बॅग, म्हणजे नाकातोंडावर मास्क धरून हातानं दाबायची पिशवी. आजवर ती फक्त बाहुलीच्याच तोंडावर बसली होती. मी ती काढली, सीएचओच्या हातात दिली आणि तिला डॉक्टरांच्या गाडीत ढकलून मीही बसले. डॉक्टर गाडी चालवता चालवता सरकारी रुग्णालयाला सर्पदंशाची लस तयार ठेवायला सांगत होते. सिस्टर हॉलमध्येच फोनपाशी राहिली आणि जावेशी बोलत राहिली. लोधिवलीच्या अलीकडं, जुन्या हायवेला तो टेंपो आम्हाला समोरून येताना दिसला. डॉक्टरांनी आपली नवीकोरी गाडी रस्त्याच्या कडेला आडवीतिडवी टाकली आणि आम्ही हात दाखवत मध्ये धावलो.

मागे पेंढ्यावर ती बाई आडवी होती, डोकं जावेच्या मांडीवर. अंगावर कापणीला घालतात तो नवऱ्याचा जुना शर्ट. ओठ निळे पडायला लागलेले. छाती हलतेय की टेंपो हलतोय ते कळेना. डॉक्टरांनी पापणी वर केली, डोळ्यातली बाहुली मोठी झालेली. मी हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. काही नाही. पोरीनं मास्क लावला आणि दाबायला सुरुवात केली. पहिल्यांदा हवा कडेनं निसटली. मी ओरडले, “हनुवटी वर घे! बाहुलीवर कशी घेतेस?” मग बसला नीट. छाती वर आली.

आम्हाला घेऊन टेंपो निघाला. तो रस्ता मी हजारदा केला असेल, पण इतका लांब कधीच वाटला नाही. चौकात ट्रक आडवा उभा होता, टेंपोवाला हॉर्नवरचा हात काढतच नव्हता. पेंढा नाकातोंडात जात होता. मी मनगट धरून नाडी शोधत होते, डॉक्टर मानेपाशी बोटं लावून बसले होते, आणि धक्क्यांमुळं दोघांनाही काही लागत नव्हतं. जाऊ एकदा आमच्याकडं आणि एकदा त्या तोंडाकडं बघत होती. पोरीच्या कपाळावरून घाम गळत होता. दाबता दाबता तिनं विचारलं, “मॅडम, गेली का ओ?”

मी नाडी शोधत राहिले. डॉक्टर म्हणाले, “तू दाबत राहा.” ती दाबत राहिली.

रुग्णालयाच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. आत घेतल्यावर कळलं, हृदय चालू होतं. लस सुरू झाली, घशात नळी घातली, आणि तिथून तिला पनवेलच्या मोठ्या रुग्णालयात व्हेंटिलेटरवर न्यायचं ठरलं. गाडी येईपर्यंत बाहेरच्या बाकड्यावर आम्ही तिघं बसलो होतो, कपडे पेंढ्यानं भरलेले. डॉक्टर एकदम त्या मुलीवर उखडले. “सकाळी मला एक फोन करता येत नव्हता? वर्गात बसून गोष्ट काय सांगत होतीस?”

ती खाली मान घालून बसेल असं मला वाटलं होतं. पण तिनं त्यांच्याकडं सरळ बघितलं. “मागच्या महिन्यात केला होता सर. तुम्ही सगळ्या स्टाफसमोर म्हणालात, एवढंही कळत नाही तर नोकरी लागली कशी. आज सकाळी मला कळत नव्हतं. पित्त वाटत होतं, पण मन खात होतं. पुन्हा विचारलं असतं तर तुम्ही पुन्हा तेच म्हणाला असता. म्हटलं, मॅडमच्या वर्गात जुनी केस म्हणून सांगते. तिथं चूक म्हणायचं नाही असा नियम आहे. काय करायचं ते कळलं असतं आणि मी लगेच उठून फोन केला असता. मला काय माहीत प्रत्येक जण एवढा वेळ बोलेल!”

मला दोघांचाही संताप आला होता. त्यांना म्हटलं, “तुमची जीभ आवरा डॉक्टर, नाहीतर उद्या तुमच्या केंद्रात कुणी तुम्हाला काही सांगणार नाही.” आणि तिला म्हटलं, “आणि तू गं! माणूस मरायला टेकलेलं असताना कसली लाज? माझा वर्ग काय तुझ्या बापानं ठेवलाय, की मी तिथं बसून राहीन आणि तू मला गोष्टी सांगशील!” मग ती रडायला लागली, आणि माझेही डोळे भरून आले. ती तरी काय करणार होती? डॉक्टरांनी उठून तिघांना चहा आणला. चहा हातात देताना ते तिला म्हणाले, “चुकलं माझं.” तिनं चहा घेतला.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. व्हेंटिलेटर तिच्यासाठी श्वास घेत होता. पनवेलहून रोज तेच कळायचं, आहे तशीच आहे. वाडीत लोक बोलायला लागले होते की सरकारी लोकांनी मेलेलं माणूस मशीनला लावून ठेवलंय. तिची पोरं जावेला चिकटून असायची. सीएचओ ड्यूटी संपली की पनवेल गाठायची आणि मला फोन करायची. मी विचारायचे, “बोट तरी हलवलं?” ती म्हणायची, “नाही.” मी फोन ठेवून उगीचच भांडी आपटायचे. मग एके संध्याकाळी फोन आला आणि पोरीला बोलताच येईना. पायाचा अंगठा हलला होता. मग पापण्या. मग हात. नळी निघाली तेव्हा बाईचा पहिला शब्द, म्हणे, मुलांची नावं होती.

पुढच्या महिन्यात वर्गाच्या आधी सीएचओनं एक गोष्ट सुचवली. त्या बाईला वर्गात बोलवायचं. मी सरळ नाही म्हटलं. पेशंटसमोर मोकळी चर्चा होत नाही, सगळे गोड गोड बोलतात, हा माझा आजवरचा अनुभव. “अगं, तिच्याबद्दल बोलायचंय, मग ती समोर कशी चालेल?” असं मी तिला म्हटलंसुद्धा. ती अडून बसली. आता ती कुणाचंच ऐकत नाही. डॉक्टरांनीही तिची बाजू घेतली, तेव्हा माझा नाइलाज झाला.

बाई आली, जावेला घेऊन. इस्त्रीची साडी, केसांत अबोली. अंग अजून वाळलेलं होतं आणि आवाज घोगरा, नळीमुळं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ती लाजली. मी तिला गोलातल्या खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, “तुला काय आठवतं ते सांग. थांबत थांबत सांगितलंस तरी चालेल.”

“मला समदं आठवतंय,” ती म्हणाली.

डॉक्टर पुढं सरकून बसले. ती सांगायला लागली. डोळे उघडत नव्हते, हात उचलत नव्हता, बोलायला जावं तर जीभ हलत नव्हती. पण कान चालू होते. लिंबूपाणी घशात अडकलं तेही तिला कळलं होतं. टेंपोवाला नाही म्हणाला ते तिनं ऐकलं होतं. जाऊ त्याला काय काय बोलली ते तिनं शब्दन् शब्द सांगितलं, तेव्हा सगळे हसले आणि जावेनं पदर तोंडाला लावला. मग टेंपोतलं. मी गालावर मारलेल्या चापट्या. हनुवटी वर घे म्हणून मी ओरडले ते. मीही हसत होते.

“मंग हिनं इचारलं,” ती सीएचओकडं बोट करून म्हणाली. “मॅडम, गेली का ओ? मला वाटलं, आता कोनतरी म्हनेल, नाय, हाय ती. मी वाट बगत राहिले. तुमी होता, डाक्टर होते, जाऊ होती. कोनीच काय बोललं नाय. गाडी चालली, हॉर्न वाजतोय, आनि कोनीच बोलत नाय. मंग मलाच वाटाया लागलं, गेले असेन मी.”

डॉक्टर आपल्या हातांकडं बघत होते. मी खुर्चीवरून उठले, तिच्यापुढं जमिनीवर बसले आणि तिचं मनगट हातात घेतलं.

“नाय गं बाय,” मी म्हणाले. “हायस तू.”

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “आता सांगून काय उपेग, मॅडम?” ती म्हणाली. “तवा सांगायचं होतं.”